माळ्यावरचा व्हॉल्व अँप पुन्हा वाजता करायचा असेल तर

"प्लगला लावून बघू का?" असा मित्राचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. घास तसाच ठेवून ओरडलो, "हात लावू नकोस. वायर गुंडाळ आणि घेऊन ये."

नाशिकच्या सराफ बाजारामागच्या त्यांच्या वाड्याचा माळा रिकामा करताना हा व्हॉल्व अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्वनळ्यांवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर, सापडला होता. मित्राचे काका सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे, त्यांचा तो. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून पुराचं माप घेणारं हे गाव. २०१६ च्या आणि २०१९ च्या पुरात वाड्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं, पण माळा कोरडा राहिला आणि अँपही. उंदरांनी मात्र स्पीकरचा कागद चाखला होता. नेमप्लेट नव्हती, कुणीतरी हाताने बांधलेला दिसत होता. मागची फळी काढली तर आत आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद द्यायला, दोन ईएल८४ व्हॉल्व, त्यांच्या आधी तीन ईसीसी८३ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ईझेड८१. म्हणजे साधारण पंधरा वॅटचा अँप. १९५८ साली आलेल्या व्हॉक्स एसी१५ मध्येही आउटपुटला ईएल८४ ची जोडी आणि ईझेड८१ हेच होतं, त्यामुळे पुढची मापं त्या जातीच्या बऱ्याच अँपना लागू पडतील. तुमच्याकडे ईएल३४ किंवा ६एल६ व्हॉल्वचा मोठा अँप असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

क्रम का महत्त्वाचा ते आधी सांगतो. जुना अँप पन्नास वर्षं पडून जेवढा बिघडत नाही, तेवढा सापडल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत बिघडतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे आत ओलं रसायन असलेले, वीज साठवणारे डबे, वाळलेले असतात. त्यातला एखादा वीज मिळताच शॉर्ट होतो, रेक्टिफायर ठिणग्या टाकतो, आणि त्यामागे ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर कुठेही मिळतो, व्हॉल्व आजही स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये बनतात. तो ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा मिळत नाही, आणि अँपचा आवाज बराचसा त्यातच असतो. म्हणून इथून पुढचं सगळं काम ट्रान्सफॉर्मर वाचवण्याभोवती फिरतं.

आधी वही, मग पेचकस

पहिल्या दिवशी काहीही सोडवू नका. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुठल्या सॉकेटमध्ये कुठला व्हॉल्व होता ते लिहा, कारण ईएल८४, ईसीसी८३ आणि ईझेड८१ तिन्ही नऊ पिनांचे, तिन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. चुकीच्या जागी बसवलात तर ते बसतील, आणि मग जळतील.

त्यानंतर वायरींचा माग काढत कागदावर सर्किट उतरवा. कंटाळवाणं काम आहे. मला दोन संध्याकाळी लागल्या. पण याच कामात कळतं की मधल्या काळात कुणी काय उद्योग केलेत. काकांच्या अँपमध्ये एका जागी फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली होती. काकांना विचारलं तर म्हणाले, "लग्नात फ्यूज उडाला की मेकॅनिक शोधत बसायचं का रे? नवरदेव मांडवात आलेला असायचा."

व्हॉल्व काढताना सरळ वर ओढा, किंचित गोल हलवत. काचेवरची अक्षरं पुसू नका. जुनी छपाई ओल्या बोटानेही निघते, आणि मग तो ईसीसी८३ की ईसीसी८२ हे डोळ्यांनी सांगता येत नाही. काकांच्या अँपमधले तीन व्हॉल्व बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे निघाले. हे व्हॉल्व आजही शोधून वापरतात. काचेच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो तो तपासा. चंदेरी किंवा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व गेला.

शॉकबद्दल, गंमत न करता

या पेटीत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये राहू शकतं. घरातला आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) यातून वाचवत नाही, कारण हा करंट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला फिरतो आणि आरसीसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी हा लेख कामी आला.

१० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स घ्या. एका टोकाला इन्सुलेटेड क्रोकोडाइल क्लिप, दुसऱ्या टोकाला टेस्टिंग प्रोब जोडा, उघडी तार कुठे ठेवू नका. क्लिप चॅसीला, म्हणजे अँपच्या लोखंडी सांगाड्याला, लावायची, प्रोब मोठ्या कंडेन्सरच्या प्लसला टेकवून दहा सेकंद धरायचा. मग मीटरने मोजायचं आणि १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात आत घालायचा नाही. कंडेन्सर रिकामा केल्यावरही थोडा थोडा पुन्हा भरतो, म्हणून काम चालू असेपर्यंत प्रोबच्या जागी दुसरी क्लिप लावून ठेवायची. पेचकसने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे मेकॅनिक मी पाहिलेत. त्यात कंडेन्सरही जातो आणि डोळाही जाऊ शकतो.

चालू अँपमध्ये मोजताना डावा हात खिशात. पायात चप्पल, हातात अंगठी-कडं नाही, घरात दुसरं माणूस जागं. ज्याने कधी २३० व्होल्टचा बोर्डही उघडलेला नाही त्याने चालू अँपवरची मापं जाणकार माणसाकडून करून घ्यावीत. साफसफाई, कॅबिनेट, स्पीकर आणि बंद अवस्थेतलं मोजमाप एवढं तरी त्याला करता येईलच.

दोन पिनांचा प्लग आणि तो एक कंडेन्सर

काका सांगत होते, "माइकला ओठ लागला की चटका बसायचा. मग पिन उलटी करायची, बंद व्हायचा." त्या काळी सगळेच असं करत. कारण असं: दोन वायरींच्या जुन्या अँपमध्ये अर्थिंग नसायचं आणि मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, एका तारेपासून चॅसीला एक छोटा कंडेन्सर जोडलेला असायचा, घरघर कमी व्हावी म्हणून. तो कंडेन्सर गळू लागला की फेज थेट चॅसीवर येतो, चॅसीवरून गिटारच्या तारांवर, तारांवरून वाजवणाऱ्यावर. इंग्रजीत गिटारवाले त्याला मरणाचा कंडेन्सर म्हणतात ते उगाच नाही.

तो कापून टाका. त्याजागी काही लावायची गरज नाही. तीन तारांची जाड केबल आणा. हिरवी तार चॅसीला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून, रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळा. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट त्यासाठी वापरू नका. हिरवी तार बाकी दोघींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजला, फ्यूजमधून स्विचला, स्विचमधून ट्रान्सफॉर्मरला. एवढ्या अँपला १ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे सावकाश उडणारा, फ्यूज पुरतो.

आणि घराचं अर्थिंगही बघा. जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकामागे तारच नसते. आमच्याकडे तेच निघालं. इलेक्ट्रिशियन बोलावून ते आधी करून घेतलं, मग अँप.

सिरीज बोर्ड

कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज टेस्टिंग बोर्ड इथे देवासारखा धावून येतो. फेजच्या वाटेत एक पिवळा, तारेचा बल्ब आणि त्यापुढे सॉकेट. अँपमध्ये शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्ब खातो आणि लख्ख पेटतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच हवा. ६० आणि १०० वॅटचे असे बल्ब जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारले तर अजून निघतात. चार घेऊन ठेवा.

सगळे व्हॉल्व काढून, ६० वॅटचा बल्ब लावून पहिल्यांदा वीज द्या. रेक्टिफायर नाही म्हणून डीसी तयार होणार नाही, फक्त ट्रान्सफॉर्मरची परीक्षा. बल्ब जवळजवळ विझायला हवा. अर्धा तास ठेवून ट्रान्सफॉर्मरला वास येतो का, तो तापतो का ते बघा. मग ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजच्या वाइंडिंगवर (तारेच्या वेढ्यांवर) एसी मोजा. काकांच्या अँपमध्ये २९०-०-२९० मिळालं. व्हॉल्व आतून तापवणाऱ्या हिटरच्या वाइंडिंगवर ६.३ हवं, पण लोड नसताना ७ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका.

इथे एक हिशेब करावा लागतो. अँपवर व्होल्टेजची निवड असेल तर २२० वर लावलेला अँप आजच्या २३०-२४० वर चालवू नका. माझ्या घरी रात्री दहानंतर २४५ दिसतं. २२० च्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या त्या टोकावर) २४५ दिलं तर हिटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट जातात, म्हणजे अकरा टक्के जास्त, आणि व्हॉल्वचं आयुष्य तिथेच घटतं. सगळ्यात वरचा टॅप निवडा. परदेशातून आलेला ११७ व्होल्टचा अँप असेल तर चांगल्या मापाचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय तो ६० हर्ट्झसाठी बनलेला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, तेवढं हाताने बघत राहा.

ट्रान्सफॉर्मर वाळवणं आणि मोजणं

नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कागदात ओल शिरलेली असते. एका लाकडी खोक्यात ६० वॅटचा बल्ब पेटता ठेवून, कागदाला बल्ब टेकणार नाही अशा बेताने, ट्रान्सफॉर्मर त्यात दोन दिवस ठेवला. हात लावला तर गरम लागावा, भाजू नये. आतलं मेण वितळेल इतकं तापवायचं नाही.

नंतर मेगर. इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारं हे यंत्र मोटार भरणाऱ्याकडे मिळतं. निफाड-पिंपळगावच्या बाजूला विहिरींवरच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर जागोजागी आहेत, शहरात सातपूर-अंबडकडेही. ट्रान्सफॉर्मरची सगळी टोकं अँपमधून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी (वीज आत घेणारे वेढे) ते कोअर (मधलं लोखंड), सेकंडरी (वीज बाहेर देणारे वेढे) ते कोअर आणि प्रायमरी ते सेकंडरी मोजून घ्या. २० मेगाओहमच्या खाली आलं तर मी पुढे जात नाही, पुन्हा खोक्यात ठेवतो.

स्पीकरला जोडलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र मेगर पुरत नाही, कारण त्यातले एक-दोन वेढे आपसात शॉर्ट झाले तर मेगरला कळत नाही. सोपी युक्ती अशी: एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट एसी आउटपुटच्या प्रायमरीच्या दोन टोकांना, म्हणजे दोन ईएल८४ च्या प्लेटकडे (व्हॉल्वच्या आतल्या पत्र्याकडे) जाणाऱ्या तारांना द्यायचे आणि स्पीकरच्या बाजूला मोजायचं. मला ०.१९ व्होल्ट मिळाले. ६ भागिले ०.१९ म्हणजे साधारण ३१.६. त्याचा वर्ग जवळपास १०००. गुणिले ८ ओहमचा स्पीकर, म्हणजे ८००० ओहम. ईएल८४ च्या जोडीला नेमकं हेच लागतं. आकडा जुळला की समजायचं, पाया शाबूत आहे. त्या दिवशी मी खुशीत मिसळ खाऊन आलो. उलट बाजूने, म्हणजे स्पीकरकडून ६ व्होल्ट देऊ नका, प्रायमरीवर १९० व्होल्ट उभे राहतील.

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर मोटार भरणारा चांगला कारागीर तो पुन्हा भरून देऊ शकतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी थरांवर थर आलटून पालटून गुंडाळलेल्या असतात. एकावर एक सरळ गुंडाळली की वरचे सूर मरतात आणि गिटार घोंगडीत गुंडाळल्यासारखी वाजते.

कंडेन्सर: कुठले बदलायचे, कुठले नाही

इलेक्ट्रोलिटिक सगळे बदला. "हा फुगलेला नाही, ठेवू का?" असा प्रश्नच विचारायचा नाही. पन्नास वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक आज चालला तरी तो उधारीवर चालतोय.

पण मूल्य वाढवू नका. आवाजातली घरघर घालवायला ५० च्या जागी १०० मायक्रोफॅरड टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ईझेड८१ च्या पुढचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. मोठा घातला की तो भरताना प्रत्येक झटक्यात रेक्टिफायरमधून इतका करंट ओढतो की व्हॉल्वच्या आत ठिणगी पडते. मूळचा ३२ असेल तर ३२ किंवा ३३ च घाला. व्होल्टेजचा हिशेबही करा: २९० गुणिले १.४१४ म्हणजे ४१०. आउटपुट व्हॉल्व काढलेले असताना किंवा ते तापून करंट ओढू लागेपर्यंत कंडेन्सरवर जवळजवळ एवढं व्होल्टेज उभं राहू शकतं. ४५० चा कंडेन्सर कसाबसा चालेल, ५०० चा मिळाला तर निश्चिंत.

अँपचं जुनं रूप जपायचं असेल तर अॅल्युमिनियमचा मोठा गोल डबा चॅसीवर तसाच राहू द्या, फक्त त्याच्या तारा कापा आणि नवे कंडेन्सर खालच्या बाजूला बसवा. प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक फटाक्यासारखा फुटतो.

एका व्हॉल्वच्या प्लेटकडून दुसऱ्याच्या ग्रिडकडे, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीकडे, सूर नेणारे छोटे कंडेन्सर, ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचे, हे खरे छुपे चोर. मेणकागदाचे असतील तर ते डीसी गळू देतात. ते डीसी ईएल८४ च्या ग्रिडवर पोहोचलं की व्हॉल्वला आवर राहत नाही आणि प्लेट लाल होते. मेणकागदाचे सगळे काढा, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन लावा. मायकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर सहसा शंभर वर्षांचे सोबती, मोजून ठीक असतील तर हात लावू नका. पाचपट किमतीचे सोन्याची अक्षरं छापलेले कंडेन्सर घेऊ नका, एवढं माझं ऐका.

सामानासाठी मी पंचवटी एक्स्प्रेसने जातो. दादरला उतरून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. नाशकात एम. जी. रोडला रेझिस्टन्स, सोल्डर, केबल मिळते, ५०० व्होल्टचे कंडेन्सर मिळायला मुश्कील. कुठूनही घ्या, घरी आल्यावर प्रत्येक कंडेन्सर मीटरवर मोजा. एकदा ५० छापलेले चार कंडेन्सर मी आणले, मीटर १८ दाखवत होता. वरचं प्लास्टिक सोललं तर आत दुसरंच नाव.

रेझिस्टन्स

जुने कार्बनचे रेझिस्टन्स वर्षानुवर्षं ओल शोषत वाढत जातात. इथे एक नियम फार उपयोगी पडतो: सर्किटमधून न काढता मोजलेला रेझिस्टन्स छापील मूल्यापेक्षा कमी दिसू शकतो, कारण बाजूची वाट त्याच्याशी जोडलेली असते. पण जास्त दिसूच शकत नाही. त्यामुळे १०० किलोओहमचा जागच्या जागी १३० दिसला की तो वाढलेलाच आहे, पाय न सोडवता निकाल. काकांच्या अँपमध्ये चोवीसपैकी सात असे निघाले.

सगळेच्या सगळे बदलायची हौस करू नका. वीस टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेले बदला, आउटपुट व्हॉल्वच्या कॅथोडचा (करंट जिथून निघतो ते टोक) आणि स्क्रीनचे (दुसऱ्या जाळीचे) तर डोळे मिटून बदला. प्लेटचे १०० किलोओहमवाले खरखर करत असतील तर तेही. बाकी जसे आहेत तसे वाजू द्या.

सोल्डर ६०/४० चं, आत राळ असलेलं. चॅसीवरच्या सांध्यांना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ८० वॅटचं लागतं. कमी उष्णतेत घातलेला डाग वरून धरल्यासारखा दिसतो आणि नंतर सुटतो.

सॉकेट, पॉट, जॅक

यावर फार लिहायला नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने सॉकेट साफ करा, सैल झालेल्या पिना सुईने आत दाबून घट्ट करा. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (फिरणाऱ्या बटणामागच्या रेझिस्टन्समध्ये) काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ते वीस वेळा फिरवा. गंज काढायचा सर्वसाधारण स्प्रे पॉटमध्ये मारू नका, तो तेलकट थर सोडतो. गिटारचा जॅक घासून चमकवा, जमत नसेल तर नवा घाला.

पहिली वीज

आता खरा दिवस. स्पीकरऐवजी ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टन्स लावा. आउटपुटला काहीच न जोडता व्हॉल्व अँप कधीही चालवायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर हजारो व्होल्टचे झटके उठतात आणि ज्याला इतके दिवस जपलं तोच फुटतो.

ईझेड८१ आणि ईसीसी८३ बसवा, ईएल८४ अजून बाहेर. सिरीज बोर्डमधून वीज. रेक्टिफायर तापायला पंधरा-वीस सेकंद घेतो, तोवर मीटर शून्य दाखवेल, मग हळूहळू चढेल. बल्ब लख्ख पेटला तर लगेच बंद करा आणि कंडेन्सरची उलटी पोलॅरिटी शोधा. ठीक असेल तर ईएल८४ च्या रिकाम्या सॉकेटमध्ये २ नंबरच्या पिनवर डीसी मोजा. ही ग्रिड. इथे शून्य हवं. अर्धा व्होल्टसुद्धा दिसलं तर ग्रिडकडे सूर आणणारा कंडेन्सर गळतोय.

मग बल्ब काढून सरळ वीज द्या आणि ईसीसी८३ ची मापं वहीत उतरवा. १ आणि ६ नंबरच्या पिना प्लेट, ३ आणि ८ कॅथोड. प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम असलेल्या साध्या पायरीत कॅथोडवर १.२ च्या आसपास व्होल्ट दिसतात. म्हणजे ०.८ मिलिअँपिअर. १०० किलोओहमवर ८० व्होल्ट उतरतात, आणि वरून २५० येत असतील तर प्लेटवर १७०. मापं यापासून लांब गेली तर हेच गणित उलटं करून दोषी शोधता येतो.

अँप बंद, कंडेन्सर रिकामे, ईएल८४ बसवा. पुन्हा सिरीज बोर्ड, आता १०० वॅटचा बल्ब. खोलीतला दिवा घालवा आणि व्हॉल्वच्या आतल्या राखाडी पत्र्याकडे बघा. हिटरचं नारिंगी तेज असणारच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर ती सुंदर आणि निरुपद्रवी. पत्राच लाल होऊ लागला तर क्षणात बंद करा.

लाल नसेल तर सरळ वीज देऊन करंट मोजायचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून दोन्ही प्लेटपर्यंतचा रेझिस्टन्स आधीच, बंद असताना, मोजून ठेवलेला असावा. माझे दोन भाग ११० आणि १२५ ओहम होते. असा थोडा फरक स्वाभाविक असतो. मीटरच्या क्लिपा वीज बंद असताना लावा, चालू करा, हात लांब. ११० वाल्या भागावर ४.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. १२५ वाल्यावर ४.७५, म्हणजे तेवढेच. प्लेटवर ३१०, कॅथोडवर ११, फरक २९९. त्याला ०.०३८ ने गुणलं की ११.४ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट. काठावर आहे, पण आत आहे. १२ च्या वर गेलं असतं तर कॅथोडचा १३० ओहमचा रेझिस्टन्स १५० चा केला असता. दोन बाजूंत पाच मिलिअँपिअरहून जास्त फरक आला तर व्हॉल्व अदलाबदल करून बघा. फरक व्हॉल्वबरोबर सरकला तर व्हॉल्व बेजोड, जागेवर राहिला तर दोष सर्किटमध्ये.

स्पीकर आणि पेटी

स्पीकरच्या बाबतीत नाशिककर नशीबवान. गणपतीत आणि लग्नसराईत एवढे साउंडवाले चालतात की रिकोनिंग करणारे, म्हणजे स्पीकरचा कागदी कोन बदलून देणारे, गल्लोगल्ली आहेत. पण उंदराने खाल्लेली बोटभर जागा असेल तर नवा कोन घालू नका. दोन्ही बाजूंनी टिश्यू पेपरचा तुकडा, पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल, एक रात्र. जुन्या कागदाचा आवाज नव्या कोनात येत नाही. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. बोटांनी कोन हळूच मागे ढकलून आत घासल्याचा आवाज येतो का तेही ऐका.

पेटीवरचं रेग्झिन साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसा, सुटलेल्या कडा चिकटवा. मित्राला ते नवं करायचं होतं. रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडून तो नमुनेही घेऊन आला, त्यातला एक चकचकीत लाल. काकांनी फक्त त्याच्याकडे बघितलं. रेग्झिन जुनंच राहिलं.

घरघर, खरखर

स्पीकर जोडून, गिटार न लावता ऐका. घरघर खर्जातली, ५० हर्ट्झची असेल तर हिटरच्या तारा किंवा अर्थिंग. जरा वरच्या सुरात, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टरचे कंडेन्सर. कान नसेल तर मोबाइलवर ट्यूनरचं अॅप उघडा, ते सांगेल. मग इनपुटकडून एकेक ईसीसी८३ काढत जा. ज्याला काढल्यावर आवाज गेला, दोष त्याच्यापाशी किंवा त्याच्या आधी. हिटरच्या दोन तारा एकमेकींना वेणीसारखी घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, अर्धी घरघर तिथेच संपते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला असेल आणि अँप चालू करताच किंचाळत असेल, तर त्याच्या प्लेटकडच्या दोन तारा अदलाबदल करा. फीडबॅक, म्हणजे आउटपुटमधून मागे आणलेला सूर, उलटा लागलाय.

खरखर शोधायला चालू अँपमध्ये एकेक सांधा टोकरावा लागतो. त्यासाठी मी येवल्याहून आणलेल्या पतंगाच्या कामट्या वापरतो. वाळलेला बांबू, हातभर लांब, वीज वाहत नाही. शिसपेन्सिल वापरू नका, तिचं शिसं वीज वाहतं. कामटी टेकताच जो सांधा कुरकुरला त्याला नवा डाग द्या. कामटीने टिचकी मारल्यावर एखादा व्हॉल्व घंटीसारखा वाजला तर तो पहिल्या पायरीवर नको, पुढे कुठेतरी बसवा.

यानंतर अँप सलग तीन तास चालवा, दर तासाला हिटर, प्लेट आणि कॅथोडची तीच मापं घ्या. आमच्याकडे दुसऱ्या तासाला कॅथोडचं व्होल्टेज ११ वरून १३ वर सरकलं होतं. एक ईएल८४ थकलेला निघाला, जोडी नवी घातली, मग स्थिर राहिलं. काका तोवर स्टूल ओढून बसलेच होते, मांडीवर गिटार आडवी, हातात स्टीलचा दांडा. "व्हॉल्यूम पाचावर ठेव," म्हणाले, "त्याच्या खाली हा बोलत नाही."

शेवटची मापं, बदललेल्या प्रत्येक भागाचं मूल्य आणि तारीख एका कागदावर लिहून तो कागद मागच्या फळीला आतून चिकटवा. ट्रान्सफॉर्मरच्या वर नको, उष्णतेने पिवळा पडतो. इलेक्ट्रोलिटिक पुन्हा पंधरा-वीस वर्षांनी बदलावे लागतील, तेही त्यावर लिहून ठेवा. तोवर महिन्यातून एकदा तासभर तरी अँप चालवा, पावसाळ्यात दोनदा.